खर्ज

आमच्या खोऱ्यात गाणं तिघांचं असतं.
वरचा सूर ममुकाचा, चिरका, सतत घाईत.
मधला गोदेर्झीचा, तो शब्द सांभाळायचा.
आणि खाली, जमिनीत पुरलेल्या वाइनच्या रांजणातून यावा तसा
माझ्या बापाचा खर्ज.
त्यावर बाकीचे दोघे निर्धास्त उभे राहायचे,
घरच्या ओट्यावर राहावं तसे.

मी चार वर्षांची असताना माझा घसा बंद झाला.
घाटात बर्फ. डॉक्टर तेलावीत.
कुणीतरी ट्रॅक्टर घेऊन निघालं होतं,
पण बापाला धीर कुठला.
तो टेकडीवरच्या संत गिओर्गीच्या चर्चशी गेला.
दार बंद होतं. दारालाच बोलला.

लोक मेंढा बोलतात. बुधलाभर वाइन बोलतात.
फार तर अनवाणी तीन फेऱ्या.
देवाला सवय आहे असल्या नवसांची,
पाद्रीही मेंढ्यातला वाटा घरी नेतो.
पण घाबरलेला माणूस खिसे चाचपत नाही,
हाताला लागेल ते फेकतो.
बापाच्या हाताला गळा लागला.
"पोरीचा उघड, मी माझा मिटतो."

सकाळी ट्रॅक्टर आला, सुई आली,
मी पाणी मागितलं.
आता ते सुईचं की दाराचं,
हिशेब विचारायचा कुणाला?

त्यानंतर जेवणावळींत
ममुका सुरू करायचा, गोदेर्झी त्याला मिळायचा,
आणि खाली एक जागा मोकळी.
दोघे तिच्यावरून जपून जायचे,
जिन्याची एक पायरी तुटलेली असावी तसे.
बाप रिकामा प्याला फिरवत बसायचा.
हळूहळू गाणीच सुटली.
द्राक्षतोडणीचं गेलं, मग लग्नातलं,
मग पणजोबांपासून आलेलं एक,
ज्याचा खर्ज फक्त बापाला ठाऊक होता.
ते त्याचं एकट्याचं नव्हतंच.
पण नवस बोलताना वाटेकरी कोण विचारतो?

आई एकदाच म्हणाली, भांडी विसळता विसळता,
"मेंढा पुरला असता."

पाद्री म्हणाला, मी मोकळं करतो तुला, मेणबत्ती लाव एक.
बाप म्हणाला, देवाशी घासाघीस नको.
मला वाटतं, भीती त्याला देवाची नव्हती.
माझ्या घशाची होती.

मी वाढले, किंमत ठाऊक असलेल्या वस्तूसारखी.
आदळआपट केली नाही. पडले तरी बेताने रडले.
शाळेत गाण्याच्या तासाला नुसते ओठ हलवले.

गोदेर्झी गेला तेव्हा मी एकतीस वर्षांची होते.
शवपेटी अंगणात. ममुका, पुढचे दात पडलेला,
एकटाच उभा राहिला,
मधला नाही, खालचा नाही.
दुसऱ्या ओळीला त्याचा आवाज लटपटला,
अंधारात हाताला कठडा न लागल्यासारखा.
आणि बाप गायला.

गंजलेला, घरंगळणारा, पण तोच.
अंगणातल्या एकानेही त्याच्याकडे पाहिलं नाही.
सगळे माझ्याकडे बघत होते.
पाद्रीसुद्धा. आईसुद्धा.
मी श्वास घेतला. सोडला.
सगळ्यांना दिसेल असा पुन्हा घेतला.
बापाने शेवटपर्यंत म्हटलं,
माझ्या गळ्यावरून नजर न काढता.

वीज पडली नाही.
कुंपणावर एक कोंबडी होती, ती खाली उतरली.

याला सहा वर्षं झाली.
आता तो गातो, कुणी आग्रह केला तर.
पण शहरातल्या माझ्या घरी
रोज रात्री अकराला त्याचा फोन येतो.
हवा विचारतो, द्राक्षांवरच्या रोगाचं सांगतो,
आणि मध्येच गप्प होऊन ऐकत राहतो.
काय ऐकतो, मला माहीत आहे.
साधी सर्दी झालेली असली तरी
मी फोन छातीशी दाबते,
उशीत तोंड खुपसून खोकून घेते,
मग म्हणते,
हां बाबा, बोल.