तारखेची बाजू

नऊ वर्षं झाली, सेलूत स्टेशन रोडला
मी कात्रीनं गोळ्यांची पानं कापते.
कुणी चार मागितल्या तर चारच देते,
आणि कापताना तारखेची बाजू
दुकानाकडं राहील असं बघते.
इतकी मी सांभाळून वागणारी.

म्हणूनच तर.

तीन उन्हाळ्यांमागं बोरीकडची द्वारका आली होती,
कडेवर दोन महिन्यांचं, पदराखाली दूध साकळलेलं,
अंगात ताप.
चिठ्ठी पुढं करून म्हणाली,
"ताई, ह्या गोळ्यांवर लेकराला पाजू का नको?"
डॉक्टर लग्नाला नांदेडला, फोन लागेना,
मागं सहा गिऱ्हाईकं, त्यात लाईट गेलेली.
मी खोक्यातला कागद उलगडला.
घडीवर घडी, मुंगीएवढं इंग्रजी,
स्तनदा मातांनी सल्ला घ्यावा, एवढंच त्यात.
सल्ला द्यायचा कुणी, ते नव्हतं.

मी म्हणाले, "आठ दिवस बंदच ठेवा. उगी रिस्क नको."
पावडरचा डबा काढून दिला,
वरून वीस रुपये सोडले.
रिस्क कुणाची,
तिची, लेकराची, का माझ्या लायसनची,
तेव्हा मनात आलं नाही.

आता माझीच डावी बाजू दगड झालीय.
रात्रभर थंडी वाजून ताप,
आणि पाळण्यातली पोर मूठ चोखत रडते.
चुलतसासू म्हणाली,
"पिळून शेवग्याच्या बुडाशी टाक माय,
औषध उतरतं त्यात."
दोन वेळा टाकलंही.
मातीनं लगेच पिऊन घेतलं.
फार्मसी शिकलेली बाई मी,
वाटीभर दूध घेऊन अंगणात उभी.

तिसऱ्या वेळेला वाटी ठेवून परभणी गाठली.
सुमय्या मॅडमनी खोकं हातात घेतलं,
उलटंपालटं करून वाचलं,
पोरीचं वय विचारलं, वजन विचारलं,
आणखी काय काय घेता, विचारलं,
डोकेदुखीची ती एक गोळी तेवढी बाजूला काढली.
"ही नको. बाकीच्या चालतील.
रांजणात चिमूट मीठ पडावं
एवढंच उतरतं ह्यातलं.
आणि साकळलेलं दूध लेकराएवढं
कुणाला काढता येतंय?
पाजत राहा. शी पातळ झाली, अंगावर पुरळ दिसलं,
तर फोन करा."

एवढंच होतं.
दहा मिनिटांचं काम.
बसस्टँडवर रसवंतीपाशी उभी राहून
मी पदराखाली पोरीला घेतलं,
आणि दुखलं, लई दुखलं,
आणि मला द्वारका आठवली.

परवा ती आली दुकानात.
लेकरू चालतं आता, काउंटरची काच चाटतं.
विचारू नये ते विचारलंच,
"तेव्हा दूध परत आलं होतं का गं?"
"कुठलं ताई," ती हसली,
"आटलं ते आटलंच.
डबा मात्र लई कामाचा निघाला बगा.
मीठ ठेवते त्यात."

तिला सर्दीच्या चार गोळ्या हव्या होत्या.
कात्री हलली.
तारखेची बाजू तिच्याकडं गेली.
तिनं पान मुठीत घेतलं, लेकराला ओढलं, पायऱ्या उतरली.
माझ्या ब्लाउजवर ओल पसरत होती.
चार वाजले होते. घरी पोर उठली असेल.