गोल अक्षरं

तेरावं उरकलं. निपाणीची माणसं
पहाटेच्या बसनं गेली,
डबे धुऊन, ज्याचे त्याला.
जाताना "खंबीर राहा" म्हणाली सगळी,
जणू मी वडगावच्या चौकातला विजेचा खांब.

शिवक्का तसलं काही म्हणाली नाही.
चौदाव्या दिवशी आली, दारात चपला काढल्या,
विचारलं तेवढंच, "ऊटा आतेनु?"
मी खोटंच "हूं" म्हटलं.
तिनं पातेल्यावरचं झाकण उचलून बघितलं
आणि परात ओढून भाकरी थापायला बसली.

गल्लीत मागांची खटखट परत सुरू झालेली.
आमचा एकच मुका,
चादर पांघरून.

महिन्यानं दीर महापालिकेतला कागद ठेवून गेला.
कानडीत.
चाळीस वर्षं मी या गल्लीत,
कानडीत भांडते, भाजीचा भाव करते,
वाचता तेवढं येत नाही.
शिवक्कानं चष्मा लावला. ओळीखाली बोट धरून
तारीख वाचली, वय वाचलं,
मग बोट थांबलं.
"इथं आहेत."

भरमा.
तीन गोल आणि शेवटी एक शेपूट.
मी ओळखलंच नसतं त्यांना.

तिनं परातीत पीठ पसरलं,
माझं बोट धरून तीनदा गिरवून घेतलं.
चौथ्यांदा माझं मीच.

आता त्याच पिठाच्या भाकऱ्या करायच्या होत्या.
पाण्याचा तांब्या हातात घेऊन
मी बसून राहिले.
तवा तापून धुरायला लागला.
शिवक्कानं उठून गॅस बारीक केला,
परत येऊन
शेजारी बसली.