अकरा पानं

दारव्ह्याच्या वाचनालयातून आणलेल्या कादंबरीची
शेवटची अकरा पानं गायब.
"बरं झालं," बाबा म्हणाले, "लिहिनारा लांबवतेच लय."
पंचफुला आत्याचं दुखणं निराळं:
दोनशे पानं झाली,
या बाईनं एकदाबी भाकर खाल्ली नाही,
खरी कशी मानावी?
प्रफुल खुनाचीच वाचतो, तीही मागून;
त्याला तर सुरुवातच सापडेना.

आई तुरीच्या शेंगा सोलत होती.
टोपलं अर्धं झाल्यावर म्हणाली,
"ते परत येते. पन घरात नाही,
फाटकापाशीच उभी रायते."

"कोनं सांगतलं तुले?"
"वाचलं होतं."
"कवा?"
आईनं एक किडकी शेंग बाजूला टाकली.

पुस्तक द्यायची तारीख उलटून गेली.
कोणी निघत नाही दारव्ह्याला.