शेरा: गैरहजर

सैन्याच्या हजेरीपटात ओरिन ब्रॅनम
एका ओळीत मावतो:
वय सव्वीस, उंची पाच फूट सात,
डोळे करडे, धंदा शेती.
पुढे महिन्यांचे रकाने. हजर. हजर. हजर.
ऑक्टोबर त्रेसष्ट: गैरहजर, विनापरवानगी.
डिसेंबर: परत आला, पगार कापला.
फेब्रुवारी: नॅशव्हिलचं इस्पितळ, गोवर, मयत.
मागे एक घोंगडी, एक चाकू.

त्याच्या विधवेनं, केझायानं, पेन्शन मागितली.
कचेरीनं विचारलं, लग्नाचा पुरावा?
आमच्या खोऱ्यातली कोर्टाची इमारत
कुणी जाळली यावर अजून दोन मतं आहेत,
तुम्ही कुठल्या चर्चच्या बाकावर बसता त्यावर ते ठरतं.
दप्तर मात्र दोन्ही मतांनी जळालं.

मग तिनं घरचं बायबल उघडलं.
जुना करार संपून नवा सुरू व्हायच्या आधी
जन्म-लग्न-मरणाची पानं असतात,
त्यातलं एक टरकन फाडलं
आणि टपालानं राजधानीला धाडलं.

वर लग्न. त्याखाली ओरिनच्या ठसठशीत अक्षरात:
लुसिंडा, वय चार, अकरा ऑक्टोबर त्रेसष्ट, घटसर्प.
त्याखाली, शाई तीच, हात कापलेला:
जोएल, वय दोन, तेरा ऑक्टोबर.

कारकुनानं समासात लाल रेघ मारली.
लिहिणारा त्या दिवशी कुठे असायला हवा होता
हे त्याच्या ध्यानात आलं.

पुढची बावन्न पानं नुसत्या संशयाची.
मी त्या संशयाची ऋणी आहे.
तो फेडायला अख्खं खोरं जबान्या द्यायला आलं,
त्या पानगळीत घसा धरून किती पोरं गेली,
मीठ कुठल्या विहिरीत लपवलं,
रात्री नदीला उतार कुठे,
कुणाची गाय कुठल्या फौजेनं खाल्ली.
हे दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही.

एनॉस पेटिग्रू, गिरणीवाला,
ज्याचे दोन्ही मुलगे दक्षिणेकडून लढताना मेले,
तोही आला.
"ओरिन माझा वैरी. फावडं माझं.
जमीन सगळी दगडाची. तो खणत होता, मी कंदील धरला.
आणखी काही विचारू नका."
कारकुनानं तेही लिहून घेतलं:
आणखी काही विचारू नका.

पानाच्या तळाशी एक नोंद वेगळ्या हातची,
गिरणीच्या वहीतल्यासारखं वाकडं अक्षर:
मुलगा, सहा जुलै चौसष्ट. नाव बापाचंच.
तो माझा खापरपणजोबा,
पगार कापलेल्या महिन्यातला.

पेन्शन मंजूर झाली. महिना आठ डॉलर.
पान परत करायचं राहून गेलं.

बायबल माझ्याकडे आहे. फाडल्या जागी
दातेरी कड, बोटभर रुंद.
राजधानीहून मागवलेली प्रत तिला लावून पाहिली.
यंत्रानं ती थोडी लहान केली आहे,
जुळत नाही.
तशीच आत ठेवली.
लाल रेघ प्रतीत काळी आली आहे.