सावलीतलं पिस्तूल

मडगावात, कोंबाच्या उतारावर माझं फ्रेमचं दुकान.
देव येतात, लग्नं येतात, दहावीची प्रमाणपत्रं,
आणि आता कुणालाच ओळखू न येणारे मिशीवाले पूर्वज.
परवा वॉलेस आला
शिडाच्या कापडाची वळकटी काखेत मारून.
म्हणाला, काचेसकट किती?

मी सुतळी सोडली. कापूर, कसर, थोडं मीठ.
आणि दुकानात एक बाई आली,
म्हणजे अर्धीच आली,
उरलेला अर्धा चेहरा काळोखानं
गहाण ठेवून घेतलेला.
वर सिनेमाचं नाव पोर्तुगीजमध्ये, उडालेलं,
एक शब्द तेवढा शिल्लक : नोइत.
रात्र.
खाली सही : लाडू च्यारी, छप्पन्न साल.

च्यारीला मी पाहिलाय, पार शेवटी,
बसगाड्यांवर बाणाकृती मोर काढताना.
वडील सांगायचे,
नाकेबंदीत मुंबईहून कागद यायचा थांबला, रंगही.
थेटरवाल्यानं खारव्याकडून जुनं शीड आणलं.
च्यारीकडे उरली होती कंदिलाची काजळी
आणि होड्यांना फासायचा हिरवा.
खुनाच्या सिनेमाला आणखी काय लागतं?

सिनेमा त्यानं पाहिलेलाच नव्हता.
नमुना म्हणून तळहाताएवढी जाहिरात,
बाईच्या तोंडावर आडव्या काळ्या रेघा.
तसल्या पट्ट्यांचे पडदे त्याच्या बापजन्मी नव्हते.
त्याला वाटलं, छपाई बिघडली.
म्हणून त्यानं दुरुस्ती केली :
समोरच्या घराला होती तशी
शिंपल्यांची खिडकी काढली तिच्या उशाशी,
आणि तिच्या गालावर
चौकोन चौकोन दुधी उजेड,
शिळ्या पेजेच्या रंगाचा.

मी नंतर खूप पोस्टर पाहिले.
छापील, परदेशी, हॅटवाले, धूरवाले,
ओल्या रस्त्यात दिव्याचा खांब.
चांगलेच असतात.
पण त्यांतली भीती कोट घालून येते.
ही घरातली आहे,
चपला काढून आलेली.

मग सरकारी कारकून आला तपासायला.
बाईच्या हातात पिस्तूल चालणार नाही, म्हणाला.
च्यारी म्हणाला, होय पात्रांव,
आणि हातातलं पुसलं.
बोटं मात्र तशीच वळलेली ठेवली,
जपमाळ धरावी तशी, किंवा कात्री.
मागच्या भिंतीवर डावीकडे तिची सावली पडलीय.
सावलीच्या हातात पिस्तूल आहे.
कारकुनानं हात पाहिला, सही केली, गेला.

वॉलेस म्हणतो,
तिया होर्तेन्सियाच्या पलंगाखाली मिळालं.
गंमत म्हणजे ती कधी सिनेमाला गेली नाही.
शिवण शिवायची, च्यारीच्या समोरच्याच घरात.
नवरा बोटीनं आफ्रिकेला गेला तो गेलाच.
मी विचारलं, पोचवायला कोण गेलं होतं बंदरावर?
तो हसला. काका, मी तेव्हा कुठे होतो!

मी भिंगातून बाईच्या हनुवटीवरचा तीळ पाहिला.
मग वॉलेसची हनुवटी.
मग भिंग फडक्यानं पुसलं, बराच वेळ.

त्याला ते फोंतेन्यांसच्या हॉटेलात लावायचंय,
बारच्या वर, पिवळ्या दिव्याखाली.
तयार फ्रेम घ्या, म्हणाला, स्वस्तात पडेल,
डावीकडून चार इंच कापा ना,
तिकडे नुसता अंधारच आहे.

त्याला दाखवावं असं एकदा मनात आलं.
पावती फाडली, तारीख दिली, शुक्रवार.
तो गेल्यावर पट्टी लावली, सुरी घेतली,
आणि तशीच ठेवली खाली.

शुक्रवारी तो मापाकडे बघत म्हणाला,
मोठी झाली की हो.
मी म्हटलं, लाकूड तेवढंच होतं.

चार इंचांचे पैसे लावले नाहीत.