दुसरी वेलांटी

गेल्या साली होडीचं नाव मारताना
शेवटच्या अक्षरावर स्प्रेचा डबा फुसफुसला
आणि बसला.
वर्षभर देवगडच्या जेटीवर आम्ही
'दर्याराण'.
लिलावात पुकारायचेही तसंच, मुद्दाम.

आज सुलभाने नोझल उपटलं,
खोकल्याच्या औषधाच्या झाकणात थिनर ओतून बुडवलं.
जाळ्याची सुई जाड, तिची पिनही जाड.
शेवटी क्लचवायरचा एकच तंतू
आरपार गेला.
डबा कोमट पाण्यात.
'उकळता नको हां, फुटात!'

हलवला. आतली गोळी खडखडली,
जशी काही निजलीच नव्हती.

पहिला फवारा माझ्या अंगठ्यावर,
दुसरा वाळूवर निळा डाग,
तिसरा वेलांटी, जरा तिरकी.

मग तिने डबा उलटा धरून
नुसती हवा येईस्तोवर दाबला.
गेल्या साली मी हेच केलं नव्हतं.
ती काही बोलली नाही.