इतर, एक

गंजगोलाईला सोळा रस्ते.
तत्तापुरे सरांच्या पडद्यावर
एक ठिपका.

तीन दिवस मी पानटपरीच्या सावलीत
रेघा मारल्या, चार उभ्या, पाचवी आडवी.
दुचाकी, कार, एसटी, ट्रक.
काळी-पिवळीला रकानाच नव्हता.
मुरुडची जीप आली: आत चौदा,
टपावर दोन, मागं लोंबकळत
अन्सार, दुधाच्या कॅनसकट.
मी लिहिलं: इतर, एक.

पुण्यात आकडे जुळले म्हणे. अहवाल जाड झाला.
नव्या स्टॉपवर शेड उभं राहिलं,
पत्र्याखाली शेळ्या बसतात.

परवा सरच आले. टपरीवर चहा घेतला,
वही न काढता विचारलं,
"अन्सारभाई, तुम्ही चढता कुठं?"

अन्सारनं कॅन खाली ठेवला.
"बसा," म्हणाला. "येळ लागंल."